पायाला काहीच कळत नसेल, तर ब्रेस घट्ट झालाय हे सांगणार कोण?

इन्स्टाग्रामवर असलं एखादं रील तुमच्याही नजरेखालून गेलं असेल. व्हीलचेअरवर बसलेला माणूस, पायांना बांधलेलं काळं यंत्र, मोटारीचा बारीक आवाज आणि तो हळूहळू उठून चालायला लागतो. मागं म्युझिक, समोर रडणारे घरचे. खालच्या कमेंटही ठरलेल्या. ‘सायन्स काहीपण करू शकतं’, ‘आपल्याकडं हे कधी येणार?’

पण रीलमध्ये दोन गोष्टी दिसत नाहीत. ते यंत्र पायाला नीट बांधायला गेलेला वेळ आणि ते काढल्यावर आरसा धरून केलेली कातडीची तपासणी.

मणक्याला मार बसलेल्या माणसाला उभं करणारं साधन बनवताना डिझाइन करणाऱ्याचा सगळ्यात जास्त घाम मोटार काढत नाही. तो पट्टा, बिजागरी आणि स्क्रू काढतात. कारण ज्या पायाला ते बांधायचं, तो पाय ‘जरा सैल करा, टोचतंय’ असं सांगू शकत नाही.

म्हणूनच ॲडजस्ट होणारा ब्रेस म्हणजे काय, तो का लागतो आणि त्यात नेमकी मेख कुठं आहे, हे सोप्या भाषेत बघू.

आधी मणक्याचं गणित

आपल्या पाठीच्या कण्यात साधारण ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागं १२, कमरेत ५ आणि त्याखाली एकमेकांना जोडले गेलेले त्रिकास्थी आणि माकडहाडाचे मणके. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. जाडी साधारण करंगळीएवढी.

त्याचं काम दुहेरी वाहतुकीचं. मेंदूचा ‘पाय उचल’ हा निरोप खाली न्यायचा आणि पायाचा ‘इथं खडा टोचतोय’ हा निरोप वर आणायचा. मार बसला की त्या जागेच्या खाली दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते किंवा अर्धवट चालू राहते. पूर्ण थांबली तर डॉक्टर त्याला ‘कंप्लीट’ इजा म्हणतात, थोडीफार चालू राहिली तर ‘इन्कंप्लीट’.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दीड कोटींपेक्षा जास्त माणसं अशा इजेसोबत जगतायत. कारणं आपल्या ओळखीचीच आहेत. उंचावरून पडणं, रस्त्यावरचे अपघात, मारहाण आणि हिंसा.

कॅलिपर तर आपल्याला माहितीच आहे की!

पायाचा ब्रेस म्हटलं की आपल्याकडं आठवतो तो पोलिओचा कॅलिपर. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. गुडघ्याजवळ एक कडी. माणूस उभा राहिला की कडी खाली सरकून गुडघा लॉक होतो, बसताना ती हातानं वर ओढायची. आपल्या आईवडिलांच्या वर्गात कॅलिपर घातलेला एखादा तरी मुलगा असायचाच.

२७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. कॅलिपर मात्र संपले नाहीत. आज ते ज्यांना लागतात, त्यांत मणक्याच्या दुखापतीचे पेशंटही आहेत.

आता इथं खरा फरक आहे. पोलिओचा विषाणू स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, पण स्पर्श आणि वेदना शाबूत राहतात. म्हणजे पोलिओ झालेल्या मुलाचा कॅलिपर घट्ट झाला, तर ते रडून घर डोक्यावर घेतं. मग वडील चामड्याला एक भोक वाढवून आणतात. विषय संपला.

मणक्याच्या दुखापतीत रडू येत नाही, कारण टोचल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. पट्टा दोन तास कातडी दाबून ठेवतो, तिथला रक्तपुरवठा बंद होतो आणि माणूस शांतपणे गप्पा मारत बसलेला असतो. रात्री ब्रेस काढल्यावर कळतं की घोट्याजवळ जखम झालीये. अशी जखम भरायला कित्येक आठवडे किंवा महिने लागू शकतात. ती बिघडली तर इन्फेक्शन हाडापर्यंत जातं.

म्हणजे दिसायला साधन तेच, पण ज्याच्यासाठी बनवायचं तो पाय पूर्ण वेगळा.

पाय रोज बदलतो

समजा, कोकणातला आपला एक दोस्त आंब्याच्या झाडावरून पडला. वय २८. छातीच्या मागच्या दहाव्या मणक्यापाशी मार बसला, इजा इन्कंप्लीट. हात ठणठणीत. बेंबीच्या खाली मात्र स्पर्श अगदी अंधुक, उजव्या पायाची बोटं तेवढी थोडी हलतात.

पहिले काही आठवडे पाय पूर्ण ढिले असतात. मग हळूहळू स्नायू आपोआप ताठ व्हायला लागतात, मधूनच झटके येतात. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. दुसरीकडं वापर नसल्यानं मांडी बारीक होत जाते. दिवसभर पाय खाली लोंबल्यानं संध्याकाळी पोटरी आणि पाऊल सुजतं. पुढं नशिबानं साथ दिली, तर उजव्या मांडीत थोडी ताकदही परत येते.

आता या दोस्तासाठी मापाचा ब्रेस बनवायचा. पद्धत अशी की पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून पायाची प्रतिकृती बनवायची, तिच्यावर गरम केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा बसवून कवच तयार करायचं, मग त्याला धातूच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या जोडायच्या. तो हातात येईपर्यंत मांडी बारीक झालेली असू शकते. म्हणजे सकाळी सैल, संध्याकाळी घट्ट आणि तीन महिन्यांनी भलत्याच मापाचा.

म्हणून रिहॅबच्या सुरुवातीच्या काळात ॲडजस्ट होणारा ब्रेस कामाला येतो. माणसाला लवकर उभं करता येतं, कुठल्या कोनात तो नीट उभा राहतो हे आधीच कळतं आणि मग पाय स्थिरावला की त्या मापाचा हलका, कायमचा ब्रेस बनवता येतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हाड वाढतच असतं, त्यामुळं लांबी वाढवता येणाऱ्या पट्ट्या लागतातच.

ब्रेस माणसाला उभं कसं ठेवतो?

लुळा गुडघा वाकायला बघतो. त्याला थांबवायला तीन ठिकाणी जोर लागतो. मांडीला मागून, गुडघ्याला समोरून, पोटरीला मागून. गुडघ्यापाशी पुढून ढकलायचं आणि वर-खाली मागून धरायचं, एवढंच.

यात एक सोपं गणित आहे. मांडीचा पट्टा गुडघ्यापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि तिथं १२ किलोंचा जोर लागत असेल, तर तोच पट्टा ३० सेंटिमीटरवर नेल्यावर ८ किलोंत काम भागतं. दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडेला ढकलून बघा, तोच प्रकार. पोटरीचंही तसंच. गुडघ्याच्या समोरच्या पॅडवर या दोन्हींची बेरीज येते. म्हणजे आधी २४ किलो, आता १६ किलो.

हा १६ किलोंचा भार ८० चौरस सेंटिमीटरच्या पॅडवर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम दाब पडतो. पॅड दुप्पट मोठा केला की १०० ग्रॅम. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण तत्त्व पक्कं आहे. ब्रेस लांब आणि पॅड रुंद, तर कातडीवर ताण कमी.

गुडघ्याचं झालं, पण खुब्याचं काय? तिथले स्नायूही चालत नाहीत. मग माणूस कमरेत वाकून कोसळत कसा नाही?

इथं शरीरातलीच एक भन्नाट सोय वापरली जाते. खुब्याच्या पुढच्या बाजूला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा एक जाड अस्थिबंध असतो. शरीरातल्या सगळ्यात मजबूत अस्थिबंधांपैकी एक. माणसानं कंबर पुढं ढकलली आणि छाती किंचित मागं नेली, की वरचं वजन खुब्याच्या मागून खाली जातं आणि हा अस्थिबंध ताणला जाऊन शरीर त्याच्यावर टेकतं. स्नायू न वापरता.

पण त्यासाठी घोटा बरोबर कोनात हवा. नडगी थोडी पुढं झुकलेली, साधारण ५ ते १० अंश. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या क्रेग हॉस्पिटलच्या नावानं ओळखला जाणारा ‘स्कॉट-क्रेग’ ब्रेस याच तत्त्वावर उभा आहे. घोट्यापासून खुब्यापर्यंत ८५ सेंटिमीटर धरले, तर घोट्यातल्या फक्त ५ अंशांनी खुबा जवळपास साडेसात सेंटिमीटर पुढं सरकतो. एवढ्या फरकात माणूस एक तर तोलात उभा राहतो किंवा मागं पडतो.

मग ॲडजस्ट नेमकं काय काय करायचं?

लांबी : बाजूच्या पट्ट्या एकमेकींत सरकतात आणि खाचेत बसतात, कुबडीची उंची बदलतो तसं.

घेर : मांडी आणि पोटरीची कवचं वेल्क्रोच्या पट्ट्यांनी आवळता येतात.

गुडघा : पाय बरेच दिवस वाकलेल्या स्थितीत राहिला, तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही. अशा वेळी दातेरी चकतीचं लॉक वापरतात. आज जेवढा सरळ होतो तेवढ्यावर लॉक करायचं, फिजिओथेरपीनं सुधारला की पुढच्या दात्यावर न्यायचं.

घोटा : सांध्याच्या पुढं आणि मागं दोन नळ्या असतात. त्यांत स्प्रिंग किंवा दांडी घालून वरून स्क्रू फिरवला, की पाऊल किती वर-खाली हलेल ते ठरतं.

लॉकची पद्धत : सुरुवातीला गुडघा पूर्ण लॉक. ताकद परत आली, तर पाय टेकला की लॉक आणि उचलला की मोकळा, असं चालणारं लॉक लावता येतं.

बिजागरीची जागा हा वेगळाच त्रास आहे. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच बिंदूभोवती फिरत नाही, वाकताना त्याचा मध्य सरकतो. ब्रेसची बिजागरी एक-दोन सेंटिमीटर जरी वर-खाली बसली, तरी प्रत्येक उठ-बशीला ब्रेस पायावर घासत सरकतो. ज्याला कळतं तो लगेच सांगेल. आपल्या दोस्ताला कळणार नाही.

वजनाचाही हिशोब असतोच. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण तितकंच जास्त ताठही. प्रत्येक खाच, प्रत्येक सरकता जोड थोडं वजन आणि थोडा खुळखुळा वाढवतो. म्हणून ‘सगळंच ॲडजस्टेबल’ हे ऐकायला छान वाटलं, तरी वापरायला छान असेलच असं नाही.

जी सोय, तोच धोका

आता मेख. ब्रेसमध्ये जितक्या जागा बदलता येतात, तितक्या जागा चुकीच्या लावता येतात. घरी भाऊ मदत करतो, काल आईनं बांधला होता, आज बायको बांधतेय. कुणी ‘पडायला नको’ म्हणून पट्टा दोन बोटं जास्तच ओढतो. प्रेमानंच. पण ते चुकलंय हे पाय सांगणार नाही.

म्हणून चांगला ब्रेस कोणता, तर ज्यात कुणी काय फिरवायचं हे आधीच वाटून दिलेलं असतं. पट्टे आणि गुडघ्याचं लॉक घरच्यांच्या हातात. घोट्याचा कोन, पट्ट्यांची लांबी, बिजागरीची जागा या गोष्टी फक्त ॲलन कीनं हलतील अशा आणि ती की ऑर्थोटिस्टकडं. ऑर्थोटिस्ट म्हणजे ब्रेस बनवून मापाला बसवणारा तज्ज्ञ.

पट्ट्यावर मापाच्या रेषा असल्या तर अजून बरं. ‘रोज तिसऱ्या रेषेवर येतो, आज दुसऱ्यावरच अडकला’ हे वाक्य म्हणजे पायानं पाठवलेला निरोपच आहे. पाय सुजलाय, हे त्या रेषेनं सांगितलं. म्हणूनच हवं तिथं थांबणाऱ्या स्क्रूपेक्षा मोजता येणाऱ्या खाचा घरच्या वापराला सोयीच्या. खाच मोजता येते, वहीत लिहिता येते, फोनवर फिजिओला सांगता येते.

पण सूज दिसली, पट्टा सैल केला, झालं काम, असंही नाही. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. मणक्याच्या दुखापतीनंतर पायाची हाडं ठिसूळ होतात, त्यामुळं गुडघ्याच्या आसपासचं हाड किरकोळ कारणानंही मोडू शकतं आणि मोडलं तरी दुखत नाही. दिसते ती फक्त सूज. अशा वेळी ब्रेस काढायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. याच कारणानं उभं करायला सुरुवात करण्याआधी हाडांची तपासणी विचारून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर एखादा घट्ट पट्टाही जिवावर बेतू शकतो. शरीराला खाली काहीतरी खुपतंय हे कळतं, मेंदूला कळत नाही आणि रक्तदाब अचानक भडकतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. माणसाला ताबडतोब बसवायचं, पट्टे सोडायचे, लघवीची नळी अडकलीये का बघायचं आणि वैद्यकीय मदत मागवायची. एका झटक्यात सुटणारा पट्टा इथं चैन राहत नाही.

रोबोट आला, तरी पट्टा राहतोच

आता रीलकडं परत येऊ. त्यातल्या यंत्राला एक्सोस्केलेटन म्हणतात. यातलं गाजलेलं नाव म्हणजे ‘रीवॉक’. इस्रायलच्या अमित गोफर यांनी ते बनवलं. १९९७ साली एका अपघातात त्यांना स्वतःला मानेपासून खाली पक्षाघात झाला, त्यातून ही कल्पना आली. २०१४ साली अमेरिकेत त्याला घरगुती वापरासाठी परवानगी मिळाली, तेव्हा किंमत होती ७० हजार डॉलरच्या आसपास. आणि गंमत बघा, ते चालवायला कुबड्या धराव्या लागतात, हातांत ताकद लागते. त्यामुळं खुद्द गोफर यांना ते वापरता येत नव्हतं.

या यंत्रातही मांडीची आणि नडगीची लांबी माणसागणिक जुळवावी लागते, सांधे सांध्यांसमोर आणावे लागतात, पट्टे बांधावे लागतात, कातडी तपासावी लागते. मोटार कितीही भारी असो, ती शेवटी पायाला धरते पट्ट्यानंच.

साध्या ब्रेसवर चालणं दमवणारं असतं, हेही सांगायला हवं. हातांवर जवळपास सगळं शरीर उचलावं लागतं आणि तेवढंच अंतर जायला साध्या चालण्याच्या कैक पट ताकद जाते. त्यामुळं कंप्लीट इजा असलेली बरीच माणसं बाहेर फिरायला व्हीलचेअरच निवडतात आणि ब्रेस उभं राहण्यापुरता, व्यायामापुरता ठेवतात. यात हरण्यासारखं काही नाही. दिवसभराची ताकद कुठं खर्च करायची, हा ज्याचा त्याचा हिशोब आहे.

आपली फरशी, आपलं डिझाइन

१९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी जयपूर फूट बनवला. तो इतका का चालला? कारण त्यात मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं. बाहेरून आलेला कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरायचा, आपला माणूस तसा जगत नव्हता.

ब्रेसलाही तोच नियम लागू. गुडघा ९० अंशांपर्यंत वाकला तर खुर्चीत बसता येतं, जमिनीवर बसायला त्याहून खूप जास्त लागतं. घामानं पॅड भिजतं, त्यामुळं ते काढून धुता आलं पाहिजे. आणि स्क्रू साध्या मापाचा हवा, म्हणजे तो पडला तर तालुक्याच्या गावात मिळतो. नाहीतर ब्रेस कपाटामागं जातो.

साधनांची सोय आपल्याकडं बऱ्याच वर्षांपासून आहे. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली सुरू झालेली, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन ही केंद्र सरकारची संस्था याच कामाची. केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून अपंगांना साधनं मिळवून देते आणि कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी ती बनवते.

घरात कुणाला ब्रेस मिळणार असेल तर

हे पाच प्रश्न मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. यातलं काय आम्ही फिरवायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही?
२. पट्टा कुठल्या खुणेपर्यंत ओढायचा? खूण नसेल तर आत्ताच मार्करनं करून द्या.
३. पहिल्या दिवशी किती वेळ घालायचा? सहसा सुरुवात १५ ते ३० मिनिटांनी होते.
४. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाताला लागणारं हाड दाबलं जात नाहीये ना? तिथून पाऊल उचलणारी नस जाते.
५. पाय बारीक झाला किंवा सुजला, तर पुन्हा माप घ्यायला कधी यायचं?

आणि ब्रेस काढल्यावर प्रत्येक वेळी कातडी बघा. मागची बाजू आरशानं किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यानं. लाली २०-३० मिनिटांत गेली नाही, तर तो ब्रेस दुरुस्त होईपर्यंत घालायचा नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताची पालथी बाजू लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का?

पुढच्या वेळी ते रील समोर आलं, तर तो माणूस उभा राहतो त्याच्या आधीचे काही सेकंद नीट बघा. कुणीतरी खाली बसून त्याच्या गुडघ्याजवळचा पट्टा बांधत असेल आणि आत बोट घालून किती जागा आहे ते चाचपत असेल.